रेशनकार्डावर तिचं नाव नव्हतं

(तळा येथे बचत गटांच्या बाया, आशा कार्यकर्त्या आणि महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आटोपतं केलं आहे.)

मला आज विषय दिला आहे तो असा : घरातल्या मुलाला मोठी इजा झाली, दवाखान्याचा खर्च आला, तर त्या कुटुंबाला आपण आधार कसा द्यायचा? योजनांची माहिती मी सांगणारच आहे. पण नुसती यादी वाचून दाखवली तर ती तुम्ही घरी जाईपर्यंत विसराल. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं आणि गावाचं नाव घेणार नाही. का घेणार नाही, तेही पुढे येईल.

२०२२ सालच्या लावणीचे दिवस. आपल्याच तालुक्यातली एक वाडी. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं लावणीला गेलेली. बाप मुंबईला नोकरीत. आजी गुरांकडे. घरात सात वर्षांची मुलगी आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ. भाऊ भुकेनं रडायला लागला म्हणून मुलीनं चुलीवरचा पेजेचा टोप उतरवायला घेतला. फडकं सरकलं. उकळती पेज मानेवर, छातीवर आणि उजव्या हातावर सांडली.

नंतर पंचक्रोशीत काय बोललं गेलं? "पोर वांड हाय." "आयशीचं लक्ष नव्हतं." महिनाभर मी हीच दोन वाक्यं ऐकली. पण ती मुलगी खेळत नव्हती, ती काम करत होती. आई बाहेर मजुरीला गेली की तिचं घरातलं काम आपोआप मुलीकडे येतं, मग ती मुलगी सातची का असेना. आणि आई कुठे होती हे सगळ्यांनी विचारलं, बाप कुठे होता हे एकानंही विचारलं नाही. बाप मुंबईला पोट भरायला गेला होता, हे बरोबरच आहे. पण आईसुद्धा शेतात पोट भरायलाच गेली होती ना?

आपल्या चळवळीला जळीत वॉर्ड नवा नाही. आपण तिथे वर्षानुवर्षं जातो, पण बहुतेक वेळा सासरी जाळलेल्या बाईचा जबाब नीट घेतला जावा म्हणून. मुलांच्या वॉर्डात आपण फारशा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १,८०,००० माणसं भाजून मरतात, आणि बायांना धोका जास्त तो उघड्या चुलीमुळे आणि असुरक्षित शेगडीमुळे. चुलीपाशी बाई असते, आणि बाईपाशी मूल असतं. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

पहिला तास

शेजारणींनी जीव लावून धावपळ केली. एकीनं टूथपेस्ट लावली, दुसरीनं कांद्याचा रस. हेतू चांगला, पण नुकसान झालं. आशाताईंनो, हे पाठ करा आणि वाडीवाडीत सांगा : भाजल्याबरोबर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नको, शाई नको, पेस्ट नको, हळद नको. अंगठी, बांगडी लगेच काढा, कारण सूज आली की निघत नाही. मग स्वच्छ, सुती, ओलसर नसलेलं कापड सैल टाकून मुलाला पांघरुणात उबदार ठेवा आणि दवाखाना गाठा. मुलाचा स्वतःचा तळवा बोटांसकट धरला तर तो त्याच्या शरीराच्या साधारण एक टक्का असतो. असे दहा तळवे मावतील एवढं भाजलं असेल तर मुलाला शिरेतून पाणी द्यावंच लागतं, आणि त्याला उशीर करून चालत नाही. चेहरा, हात, सांधे, लघवीची जागा भाजली असेल तर मोजत बसूच नका.

या मुलीचं वीसेक टक्के भाजलं होतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं, मलमपट्टी केली आणि पुढे न्यायला सांगितलं. तिथपर्यंत ठीक होतं. पुढे काय झालं ते ऐका. रात्र, पाऊस, आणि आपला महामार्ग. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि खड्डे आपण दशकभर मोजले. घरच्यांनी घाबरून खाजगी गाडी केली आणि वाटेतल्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. तिथे आधी अनामत रक्कम मागितली. चुलत्यानं रात्रीत सावकाराकडून शेकडा पाचानं पैसे उचलले. दोन दिवसांत अठरा हजार गेले आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, "मुंबईला न्या."

इथे दोन गोष्टी माहीत असत्या तर फरक पडला असता. एक, १०८ ची रुग्णवाहिका. महाराष्ट्रात ती २०१४ पासून आहे, तिच्यात डॉक्टर असतो आणि पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरी, जखमी माणसाला आधी उपचार द्यायचे आणि बाकी सोपस्कार मागून करायचे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगितलं आहे. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, हे दोघांना लागू आहे. पोलीस केस आहे म्हणून हात लावणार नाही, असं कुणाला म्हणता येत नाही.

धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २००६ साली जी योजना झाली तिच्यात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत. आणीबाणीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं आहे. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलतं, म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दर वर्षी ताजा काढून ठेवा. दाखला अपघात झाल्यावर काढायचा नसतो, तो आधी घरात असावा लागतो.

कार्डावर तिचं नाव नव्हतं

मुंबईच्या महापालिका रुग्णालयात मुलगी दाखल झाली आणि मला फोन आला. मी पोचले तेव्हा आई खाटेखाली पथारी टाकून बसली होती. अंगावर लावणीचं लुगडं तसंच, चिखलासकट. बाप आरोग्यमित्राच्या टेबलासमोर उभा. आरोग्यमित्र म्हणाला, "केशरी कार्ड आहे, पण यात मुलीचं नावच नाही."

मी कार्ड हातात घेतलं. आजा, आजी, बाप, आई, आणि शेवटी तीन वर्षांचा मुलगा. मुलाचं नाव त्याच्या बारशानंतर सहा महिन्यांच्या आत चढलं होतं. त्याच्याआधी चार वर्षं जन्मलेल्या मुलीचं नाव चढवायला कुणी तहसील कार्यालयात गेलं नव्हतं. कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं, बरं का. बाप म्हणाला, "राह्यलं. पोरीचं काय, लग्नात काढायलाच लागतं." मैत्रिणींनो, मुलगी नकोशी आहे असं त्या घरात कुणी कधी म्हणालं नसेल. बापानं तिच्यासाठी रजा टाकली, पगार बुडवला, रक्त दिलं. तरी ती कागदावर नव्हती.

योजनेबद्दल थोडं नीट सांगते. २०१२ च्या जुलै महिन्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठांत आपला रायगड होता. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं. त्या वेळी, म्हणजे या मुलीच्या अपघातापर्यंत, पिवळ्या आणि केशरी कार्डाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होतं. २०२३ च्या शासन निर्णयानं ती मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांची झाली आणि कार्डाच्या रंगाची अट गेली. भाजणं, मोठे अपघात, हाडं मोडणं, डोक्याला मार हे सगळं त्यात येतं. पण रुग्णालय योजनेत असलेलं पाहिजे, उपचार यादीतला पाहिजे आणि माणूस कागदावर पाहिजे. आणीबाणीत फोनवरून मंजुरी घेऊन कागद मागाहून द्यायची सोय आहे, ती आरोग्यमित्राकडे आपणहून मागावी लागते. टेबलासमोर गप्प उभं राहिलं तर कुणी देत नाही.

आम्ही जन्माचा दाखला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र मागवलं. तळ्याच्या आमच्या गटातल्या दोघीजणी पुरवठा शाखेत दोन दिवस बसून राहिल्या आणि नाव चढवून घेतलं. १९९९ साली तळा तालुका वेगळा झाला नसता तर त्यांना यासाठी माणगावपर्यंत जावं लागलं असतं. जवळचं कार्यालय म्हणजे काय हे बाईला विचारा, कारण मजुरी तिची बुडते.

एक पैसाही न लागता किती पैसे लागतात

मुलगी चाळीस दिवस रुग्णालयात होती. मांडीची कातडी काढून हातावर लावली. उपचार योजनेत बसला. गावात बातमी गेली, "सगळं फुकटात झालं." मी तेव्हा आईबरोबर बसून एका वहीत हिशेब मांडला. गाडीभाडं, पहिल्या खाजगी रुग्णालयाचं बिल, बाहेरून आणलेली औषधं, वडापाव आणि चहा, गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं तिकीट, फोनचं रिचार्ज, बापाची बुडालेली नोकरी, सावकाराचं व्याज. बेरीज एक लाखाच्या पुढे गेली.

मग मी विचारलं, "वहिनी, तुमची मजुरी धरली का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. लावणीचा अख्खा हंगाम गेला होता. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री त्या खाटेखाली होत्या. मुलीला उचलणं, भरवणं, संडासला नेणं, मलमपट्टीच्या वेळी तिला धरून ठेवणं, परिचारिका कमी म्हणून शेजारच्या खाटेवरच्या पोराला पाणी देणं. त्यांची पाळी तिथेच आली, तिथेच गेली, आंघोळीला जागा नव्हती. गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा बांधल्या, कारण त्यांना हे दिसलं होतं. आपल्या आरोग्य खात्याच्या हिशेबात मात्र ही बाई अजूनही नाही. ती नसेल तर वॉर्ड एक दिवस चालणार नाही.

न्यायालयाला हे थोडं थोडं दिसू लागलं आहे. हरियाणातली एक बारा वर्षांची मुलगी २००७ साली ट्रकच्या धडकेत कायमची परावलंबी झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तिची भरपाई ठरवताना तिला सांभाळायला लागणाऱ्या दोन मदतनीसांचा खर्च पुढच्या आयुष्याचा हिशेब धरून मोजला. २०२१ साली दुसऱ्या एका निकालात गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे, असं पुन्हा स्पष्ट केलं. हे निकाल वाहन अपघातांचे आहेत. मूल महामार्गावर जखमी झालं तर हे लक्षात ठेवा, आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा, कारण नव्या कायद्यात मुदत आली आहे. पण चुलीपाशी भाजलेल्या मुलीला कुठला विमा? तिथे समोर प्रतिवादी नसतो. दोष देण्यासाठी आई तेवढी असते.

घरात झालेल्या अपघातालाही एक दार आहे, ते फार थोड्यांना माहीत आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अर्ज शाळेमार्फत जातो. म्हणून अपघात झाल्यावर मुख्याध्यापकांना लगेच लेखी कळवा. आणि रुग्णालयाचे सगळे कागद मागून घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. ते लावले नसतील तर तेही विचारा.

माझ्या दोन चुका

आता माझ्याबद्दल बोलते. समाजकार्याची पदवी घेताना आम्हाला शिकवलं होतं की ज्याला मदत करायची त्याचा मान आधी. ते मी परीक्षेत लिहिलं आणि प्रसंग आला तेव्हा विसरले.

सावकाराचं व्याज चढत होतं. मी मदतीचं आवाहन लिहिलं आणि त्याला मुलीचा वॉर्डातला फोटो जोडला. मान, छाती, पट्ट्या, सगळं दिसत होतं. आईला विचारलं होतं. पण उसने पैसे मागायला आलेल्या बाईला "फोटो देऊ का?" विचारलं तर ती नाही कशी म्हणेल? मुलीला तर विचारलंच नाही. गावच्या मुंबई मंडळाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तो फिरला. चार दिवसांत चाळीस हजार जमले. मला फार बरं वाटलं.

मुलगी परत शाळेत गेली तेव्हा वर्गातल्या मुलांनी तो फोटो घरच्या मोबाइलवर आधीच पाहिला होता. तिला नाव पडलं. ते मी इथे उच्चारणार नाही. ती मला म्हणाली, "ताई, तो फोटू काढून टाक." मी तिला काय सांगणार? तो माझ्या हातात राहिलाच नव्हता. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे : मुलाचा चेहरा नाही, जखम नाही, गावाचं नाव नाही. डॉक्टरांचं खर्चाचं पत्र पुरेसं आहे. ज्याला त्यावर पैसे द्यायचे नाहीत त्याचे पैसे नकोत.

दुसरी चूक. ते चाळीस हजार मी बापाच्या खात्यावर भरायला सांगितले. का? कारण खातं त्याचं होतं आणि मला घाई होती. त्यातले पंधरा हजार त्यानं भावाला दिले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराचे पत्रे उडाले होते, तेव्हाचं ते कर्ज. तो दारू प्यायला नाही, जुगार खेळला नाही. भावाची देणी त्याला आधी वाटली, एवढंच. पण मुलीच्या दाबपट्टीच्या कपड्यांना पैसे उरले नाहीत. ते कपडे दिवसरात्र घालायचे असतात, नाहीतर कातडी जाड होऊन ओढली जाते. चार महिने ती त्यांच्याविना राहिली. कोपर आखडलं, दोन बोटं वाकली. आईला खर्चाचा क्रम तोंडपाठ होता, कारण ती डॉक्टरांसमोर चाळीस दिवस उभी होती. मी तिच्या हातात पैसे दिले नाहीत. आता आम्ही आईचं खातं उघडल्याशिवाय मदत गोळा करत नाही.

"जीव वाचला ना"

दुसरं ऑपरेशन लागणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घर थकलं होतं. बाप म्हणाला, "जीव वाचला ना, आता पुरे." चुलते म्हणाले, रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकू. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे असं गिऱ्हाईक दारात उभंच असतं. सातबाऱ्यावर आजा आणि त्याचे मुलगे. आईचं नाव नाही, म्हणजे विकायची की नाही यात तिला शब्द नाही. शासनानं १९९२ साली लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला, नवऱ्यानं पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावावं म्हणून. या खोलीत किती जणींचं नाव लागलं आहे, हात वर करा. … बघा.

बैठक बसली. गटातल्या आम्ही तिघी गेलो. मी हक्काबद्दल बोलले, शिक्षणाबद्दल बोलले. कुणी ऐकलं नाही. तेव्हा आजी, जी सुनेला सहा महिने बोल लावत होती, ती कोपऱ्यातून म्हणाली, "पोरीच्या जातीला हात नको काय? वाकड्या हातानं ती लावणी कशी करल? भाकरी कशी थापल?" बैठक शांत झाली. मुलगे आईपुढे बोलले नाहीत.

मला ते कारण पटलं नाही. मुलीचा हात लावणीसाठी आणि भाकरीसाठी नाही, तिचा स्वतःचा आहे. पण आजीनं आयुष्यभर त्या दोन हातांवरच घर चालवलं होतं. बाईच्या हाताचं मोल त्या बैठकीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथे वाद घातला नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले.

गटानं दोन टक्के व्याजानं पंचवीस हजार दिले आणि सावकाराचं पाच टक्क्यांचं तोडलं. मुंबई मंडळानं वर्गणीतून दहा हजार दिले, आणि त्या निमित्तानं मंडळाच्या सभेत पहिल्यांदा दोन बाया बोलल्या. जमीन वाचली. ऑपरेशन योजनेत झालं. कोपर सरळ झालं, एक बोट अजून पुरतं उघडत नाही. रोज संध्याकाळी आईच्या जोडीनं आता आजी तिच्या हाताला तेल लावून व्यायाम घेते.

आपण काय करायचं

थोडक्यात सांगते. पहिलं, येत्या महिन्यात प्रत्येक वाडीत रेशनकार्डं उघडून बघा. मुलींची नावं आहेत का? सुनांची आहेत का? नसतील तर एकेकटीनं न जाता दहा-वीसजणी मिळून तहसीलला जा. दुसरं, प्रत्येक गटात आणीबाणीचा वेगळा निधी ठेवा, जो रात्री बारा वाजता मिळेल. सावकार त्याच वेळी दार उघडतो, म्हणूनच त्याचं फावतं. तिसरं, दवाखान्यात असलेल्या आईच्या पाठीमागे घर कोण बघतं ते विचारा. या घरात धाकटा मुलगा आणि म्हातारा यांच्यासाठी चुलतबहिणीची, सहावीतल्या मुलीची, शाळा दीड महिना बुडाली. एका मुलीच्या अपघाताची किंमत दुसऱ्या मुलीनं दिली. पाळ्या लावून जेवण पोचवणं हे आपल्याला जमण्यासारखं आहे. चौथं, लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि पंचायत समितीत लावून धरू. मजुरीला जाणाऱ्या आईचं मूल कुणाकडे राहणार, याचं उत्तर सात वर्षांची मुलगी हे असू शकत नाही.

आणि पाचवं. कुणाचं मूल भाजलं, पडलं, साप चावला, तर त्या घरात गेल्यावर आईला पहिला प्रश्न "तू कुठे होतीस?" हा विचारू नका. "तू जेवलीस का?" हा विचारा. मी त्या वॉर्डात पोचले तेव्हा ती बाई दीड दिवस उपाशी होती आणि तिच्याशी येणारा प्रत्येकजण मुलीबद्दलच बोलत होता.

ती मुलगी आता चौथी ओलांडून पुढे गेली आहे. उजव्या हातानं लिहिते. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. मी तिला सांगितलं की मी तुझी गोष्ट बायकांना सांगणार आहे, चालेल का? तिनं विचार केला आणि म्हणाली, "सांग. पण नाव नको." म्हणून नाव घेतलं नाही.